मैदान आधी की मान्यता आधी?

१८ नोव्हेंबर २०२५ या एकाच तारखेला दोन सामने झाले आणि आपल्याकडच्या फुटबॉलचर्चेला ऊत आला. ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असं हरवलं. तिकडे किंग्स्टनमध्ये क्युरासाओने जमैकाला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळवली. क्युरासाओ हे कॅरिबियन समुद्रातलं, नेदरलँड्सच्या (हॉलंडच्या) राज्यात मोडणारं ४४४ चौरस किलोमीटरचं बेट. लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर. विश्वचषकाला पात्र ठरलेला आजवरचा सर्वांत छोटा संघ. मग व्हायचं तेच झालं. 'दीड लाखांचं बेट जातं आणि १४० कोटींचा देश घरी बसतो' असा एक गजर सुरू झाला. 'त्यात काय मोठं, हॉलंडमध्ये जन्मलेली पोरं गोळा केली' हे त्यावरचं उत्तर. आणि या दोघांच्या वादात ती जुनी तक्रारही पुन्हा डोकं वर काढून गेली, की ही चिमुकली बेटं पात्रता फेरीत हवीतच कशाला. सामने एकतर्फी होतात, खेळाडू उगाच दमतात, वेळापत्रक फुगतं.

तिघांनीही मूळ प्रश्न बाजूलाच ठेवला आहे. कोणत्या बेटाला खेळू द्यायचं आणि कोणाला दारातच थांबवायचं, हे आज कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर? माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बेटावर स्वतःची स्पर्धा नियमित चालते, त्या बेटाच्या प्रातिनिधिक संघाला आपल्या खंडाच्या पात्रता फेरीत खेळायला मिळालं पाहिजे. त्याच्याकडे स्टेडियम असो वा नसो. खेळण्याचा हक्क, विकासाचा पैसा आणि महासभेतलं मत या तीन गोष्टी फिफाने एका गाठोड्यात बांधल्या आहेत. या विषयातले बहुतेक गुंते त्या गाठीपाशी येऊन अडतात.

तुवालूचं उदाहरण घ्या. हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या साधारण मध्यावर नऊ बेटं, सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर जमीन, ११ हजारांच्या आसपास माणसं आणि त्यांतली निम्म्याहून जास्त राजधानी फुनाफुतीत. हा देश २००० पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे. २००७ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी बीजिंगला त्याचे खेळाडू उतरले. फुटबॉल संघ १९७९ पासून खेळतो. देशांतर्गत लीग आहे, तीही गमतीची: नावती, तोफागा, लाकेना युनायटेड, मानू लाएवा हे क्लब बहुतेक राजधानीत राहायला आलेल्या एकेका बेटाच्या माणसांचे, त्यामुळे लीगचा सामना हा दोन बेटांमधलाच सामना असतो. ओशनिया महासंघाने, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या फुटबॉल महासंघाने, २००६ मध्ये तुवालूला सहसदस्य करून घेतलं. फिफाने मात्र अजून दार उघडलेलं नाही, आणि पुन्हा पुन्हा पुढे येणारं कारण म्हणजे सोयींचा अभाव: धड स्टेडियम नाही, पाहुण्या संघांना पुरतील एवढी हॉटेलं नाहीत.

ही कारणं खोटी नाहीत, हे आधी मान्य करू. पाहुणा संघ म्हणजे २३ खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ, पदाधिकारी. त्यावर चार पंच, सामना निरीक्षक. एका सामन्याला चाळीसेक माणसं बाहेरून येतात. फुनाफुतीला विमान येतं ते फिजीहून, आठवड्यातून मोजक्या फेऱ्या, ७० च्या आतबाहेर आसनांचं पंख्याचं विमान. धावपट्टी दीडेक किलोमीटरची, त्यामुळे मोठं विमान उतरण्याचा प्रश्नच नाही. एक संघ आला की अर्धं विमान भरलं, आणि त्या दिवशी फिजीच्या इस्पितळात जाणारा रुग्ण मागे राहिला. एखाद्या खेळाडूचा पाय मोडला, डोक्याला मार लागला तर पुढची फेरी येईपर्यंत काय करायचं, हा प्रश्नही खराच आहे.

आणि मैदान. प्रवाळबेटावर हिरवळ राखणं म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण 'एक साधं मैदान बांधता येत नाही का?' हा शेरा फार सहज मारला जातो. प्रवाळाची माती म्हणजे खरं तर चुनखडीची रेती. तिच्यात सेंद्रिय अंश नगण्य, पाणी थांबत नाही, घातलेलं खत एका जोरदार पावसात खाली झिरपून जातं. माती अल्कधर्मी असल्यामुळे गवताला लोह मिळत नाही आणि पातं पिवळं पडतं. सतत खेळून पृष्ठभाग दबला की खालचे प्रवाळाचे तुकडे वर येतात. तिथे घसरून चेंडू काढायला गेलेल्या बचावपटूचा गुडघा सोलवटून निघतो. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी किनाऱ्यावरून आत येण्याआधी जमिनीतूनच, प्रवाळाच्या छिद्रांतून, बुडबुडत वर येतं. खारं पाणी मुळांशी दोन-तीन दिवस साचलं की साधं गवत गेलं. खारं पाणी सोसणाऱ्या जातीसुद्धा नंतर गोड पाण्याने धुवाव्याच लागतात. ते गोड पाणी आणायचं कुठून? १०५ गुणिले ६८ मीटरचं मैदान म्हणजे ७,१४० चौरस मीटर. पाऊस ओढ देतो तेव्हा त्यावर रोज पाच मिलिमीटर पाणी फिरवायचं म्हटलं तरी ३५,७०० लिटर लागतात. २०११ च्या दुष्काळात फुनाफुतीत एका कुटुंबाला दिवसाला दोन बादल्या, सुमारे ४० लिटर, एवढंच पाणी मिळत होतं. म्हणजे मैदानाचं एका दिवसाचं पाणी हे जवळजवळ नऊशे कुटुंबांचं पाणी. कोणतं सरकार ते गवतावर ओतेल?

मग कृत्रिम गवत टाका, असं सांगणारे भेटतात. त्याखाली खडीचे थर लागतात, काटेकोर उतार लागतो आणि पाणी खाली जाईल अशी व्यवस्था लागते. जिथे पाणी खालूनच वर येतं तिथे ही सगळी रचना उलटी पडते. भराव घालून मैदान उंच उचलावं लागतं. भरावाची खडी बेटावरची काढली तर किनारा खचतो, म्हणून तीही जहाजाने आणायची. उन्हात हा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापू शकतो. गालिचा आठ-दहा वर्षांत झिजतो आणि त्यातले रबराचे दाणे पावसाबरोबर थेट खाजणात जातात. जुने गुंडाळे टाकायला या बेटावर जागा नाही. हे अशक्य मुळीच नाही, पैसा आणि अभियंते असले की होतं. पण ते 'साधं मैदान' नाही. ज्या देशाने २०२३ मध्ये खाजणातली वाळू उपसून ७८० मीटर लांब आणि सुमारे १०० मीटर रुंद, जेमतेम ७.३ हेक्टर नवी जमीन तयार केली आणि तो राष्ट्रीय पातळीवरचा मोठा प्रकल्प ठरला, त्याने त्यातली एक हेक्टर जमीन फुटबॉलच्या मैदानाला द्यावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता उलट बाजूने विचार करा. फिफाची सध्याची विकासयोजना प्रत्येक सदस्य संघटनेला २०२३ ते २०२६ या चार वर्षांत ८० लाख डॉलरपर्यंत देते: ५० लाख चालू खर्चासाठी, ३० लाख प्रकल्पांसाठी. प्रवास आणि साहित्य परवडत नाही अशा संघटनांना त्यावर आणखी १० लाखांपर्यंत. पहिली अट, सदस्य असलं पाहिजे. म्हणजे मैदान नाही म्हणून सदस्यत्व नाही, आणि सदस्यत्व नाही म्हणून मैदानाला पैसा नाही. हे कोडं निसर्गाने घातलेलं नाही, नियमांनी घातलं आहे. आणि या नियमांनी सगळ्यांना असंच अडवलं असतं तरी एक वेळ समजलं असतं. तसं मुळीच झालेलं नाही.

कॅरिबियनमधलं मॉन्टसेराट पाहा. ब्रिटिश अखत्यारीतलं बेट, लोकसंख्या पाच हजारांच्याही आत, म्हणजे तुवालूच्या निम्मी. १९९५ मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली, निम्म्याहून जास्त बेट प्रवेशबंद झालं, बहुतेक माणसं बेट सोडून गेली. हे सारं चालू असतानाच, १९९६ मध्ये, फिफाने मॉन्टसेराटला सदस्य केलं. मैदान त्यानंतर उभं राहिलं, तेही फिफाच्या मदतीने. ३० जून २००२ रोजी, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्याच दिवशी, क्रमवारीतल्या तळाच्या दोन संघांचा सामना थिंफूला झाला आणि भूतानने मॉन्टसेराटला ४-० हरवलं. पण उत्तर अमेरिका-कॅरिबियन महासंघाच्या २०१८-१९ च्या नेशन्स लीग पात्रता फेरीत याच मॉन्टसेराटने चारपैकी तीन सामने जिंकले आणि गोल्ड कपचं, म्हणजे त्या खंडाच्या अजिंक्यपद स्पर्धेचं, तिकीट गोलफरकाने हुकलं. मॉन्टसेराटला जे मिळालं ते योग्यच झालं. पण सार्वभौमही नसलेल्या, ज्वालामुखीने निम्मं गिळलेल्या बेटाला जे चाललं, ते संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशाला का चालत नाही? फरक एवढाच दिसतो की एकाने १९९६ मध्ये दार ठोठावलं आणि दुसऱ्याने उशीर केला. ग्रीनलंडच्या वाट्यालाही तेच आलं: ५६ हजार वस्ती, स्वतःची जुनी स्पर्धा, कृत्रिम गवताची मैदानं, आणि तरीही जून २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासंघाने त्यांचा अर्ज एकमताने फेटाळला.

पाहुण्यांना बोलावता येत नाही, ही अडचण तर फुटबॉलने केव्हाच सोडवली आहे. उत्तर अटलांटिकमधली, डेन्मार्कच्या अखत्यारीतली फेरो बेटं १९८८ मध्ये फिफात आणि १९९० मध्ये युएफात, म्हणजे युरोपीय महासंघात, आली तेव्हा तिथे आंतरराष्ट्रीय सामन्याला चालेल असं हिरवळीचं एकही मैदान नव्हतं. त्यांचा पहिला 'घरचा' पात्रता सामना १२ सप्टेंबर १९९० रोजी स्वीडनमधल्या लँड्सक्रोना गावात झाला. समोर ऑस्ट्रिया, त्याच उन्हाळ्यात विश्वचषक खेळून आलेला. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन लोकरीची गोंड्याची टोपी घालून उभा. एरवी मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा. टॉर्किल नील्सनने गोल केला, १-० ने सामना जिंकला आणि ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकांना राजीनामा द्यावा लागला. तोफ्तिर गावाजवळचा डोंगर सुरुंगांनी फोडून त्यात हिरवळीचं मैदान केलं गेलं ते यानंतर. मान्यता आधी आणि मैदान नंतर, हा क्रम युरोपात चालला. जिब्राल्टरनेही युरो २०१६ च्या पात्रता फेरीतले घरचे सामने पोर्तुगालमध्ये खेळले. ओशनियात तर हे आणखी सोपं, कारण तिथल्या पहिल्या फेऱ्या एकाच देशात सगळ्यांना बोलावूनच होतात. मग प्रत्येक संघाकडे स्वतःचं स्टेडियम असण्याचा आग्रह नक्की कशासाठी?

विरोधकांचा यापुढचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. मैदान कुठलंही असो, हे संघ टिकणार का? जुलै २०१५ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या पॅसिफिक क्रीडास्पर्धेत मायक्रोनेशियाच्या २३ वर्षांखालील संघाने तीन सामन्यांत ३०, ३८ आणि ४६ गोल खाल्ले. एकूण ११४. वनुआटूच्या एकट्या जाँ काल्ताकने १६ केले. त्याआधी ११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१-० असं धुतलं होतं. आर्ची थॉम्पसनचे १३ गोल. अशा सामन्यांतून कोण काय शिकतं? हरणाऱ्या मुलांचा तो जाहीर अपमान आहे आणि जिंकणाऱ्यांचाही त्यात वेळ जातो. खरं आहे.

पण ३१-० झाला कसा, ते पाहा. ऐन वेळी अमेरिकी पासपोर्टचा मुद्दा निघाला आणि निवडलेल्या २० जणांपैकी एकटा गोलरक्षक निकी सालापू पात्र उरला. २० वर्षांखालच्या संघातून मुलं घ्यावीत तर त्यांतल्या अनेकांच्या शाळेच्या परीक्षा. शेवटी पंधरा वर्षांच्या मुलांसकट जो संघ उभा राहिला तो मैदानात उतरला. ती धूळधाण कागदपत्रांची होती. शिवाय दोन दिवस आधी ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२-० हरवलं होतं. एकाच गटात सगळ्यांना कोंबून गोलफरकावर क्रम लावला की बलवान संघ थांबत नाही, थांबावं असं त्याला काही कारणही नसतं. उपाय लगेच सापडला. पुढच्या वेळी ओशनियाने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड वगळून बाकीच्या संघांची वेगळी प्राथमिक फेरी ठेवली. २२ नोव्हेंबर २०११ रोजी अशाच फेरीत अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ हरवलं, आणि गोलपोस्टमध्ये तोच सालापू होता. युरोपने २०१८ पासून नेशन्स लीगमध्ये बरोबरीच्या संघांना बरोबरीचे प्रतिस्पर्धी दिले. वर्षानुवर्षं मार खाणारा सान मारिनो २०२४ मध्ये त्याच लीगमध्ये गटात पहिला येऊन वर चढला. दुबळ्या संघाची दुबळ्याशी गाठ घालून द्यायची, एवढंच तर करायचं असतं.

शिवाय मोठ्या पराभवाचं एक कारण न खेळणं हेही आहे. तुवालूने १९७९ मध्ये ताहितीकडून १८ गोल खाल्ले. २००७ मध्ये सामोआची राजधानी आपियाला झालेली दक्षिण पॅसिफिक स्पर्धा विश्वचषकाची पात्रता फेरीही होती, आणि तिच्यात तुवालूला खेळू दिलं गेलं. फिजीने १६-० ने झोडपलं, हे खरं. पण न्यू कॅलेडोनियाविरुद्ध १-० एवढाच पराभव आणि ताहितीशी १-१ बरोबरी! हाच ताहिती २०१२ मध्ये ओशनियाचा विजेता झाला आणि २०१३ मध्ये ब्राझीलच्या माराकाना मैदानावर स्पेनविरुद्ध उभा राहिला. २०११ साली डच प्रशिक्षक फोप्पे दे हान यांच्या हाताखाली तुवालूने अमेरिकन सामोआला ४-० हरवलं. त्यानंतर काय? पॅसिफिक स्पर्धा चार वर्षांनी एकदा. एरवी फिफाच्या वेळापत्रकात या संघाला जागाच नाही. ११ हजारांतून १८ ते ३४ वयाचे पुरुष ढोबळ मानाने दीड हजार निघतील; त्यातून परदेशी जहाजांवरचे खलाशी, फिजीत शिकणारे, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात हंगामी मजुरीला गेलेले वजा करा. उरलेल्यांतून बांधलेला संघ चार वर्षांनी पुन्हा भेटतो तेव्हा त्यातले निम्मे बदललेले असतात. बचावफळीने कधी पुढे सरकायचं, कॉर्नरला कोणी कोणाला धरायचं, पाऊण तासानंतर श्वास कसा राखायचा, हे सरावात पढवता येतं, पण अंगात भिनतं ते सामन्यातच. सामने द्यायचे नाहीत आणि मग पाहा कसे हरतात म्हणायचं, ही कुठली रीत?

भारतीय वाचकाला हे पटायला एक उदाहरण पुरे व्हावं. ग्वाम, पॅसिफिकमधलं अमेरिकी अखत्यारीतलं बेट, लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आत. २००० मध्ये इराणकडून १९-०, २००५ मध्ये उत्तर कोरियाकडून २१-०. तेव्हा कोणी म्हणालं असतं की यांना आशियाई फुटबॉलमधून काढा, तर आपणही मान डोलावली असती. १६ जून २०१५ रोजी, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, त्याच ग्वामने भारताला २-१ हरवलं. मालदीवने तर सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्याला दोनदा धूळ चारली, २००८ मध्ये आणि २०१८ मध्ये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला फातोर्ड्याच्या मैदानावर आपल्याला हरवून आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाहेर काढणारा सिंगापूर हेही बेटच. डोकी मोजून फुटबॉल कळत नाही. किती मुलं वर्षाला किती खऱ्या चुरशीचे सामने खेळतात, हे मोजावं लागतं. ५५ हजारांच्या फेरो बेटांनी त्याच महिन्यात चेक प्रजासत्ताकाला २-१ हरवलं ते याच हिशेबावर.

ग्वामचं नाव घेतलं की दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही वकिली होईल. ग्वामच्याच संघटनेच्या अध्यक्षांनी २०१७ मध्ये अमेरिकी न्यायालयात लाचखोरीची कबुली दिली. गृहस्थ फिफाच्या लेखापरीक्षण समितीवर होते! मे २०११ मध्ये त्रिनिदादच्या हॉटेलात कॅरिबियन संघटनांच्या प्रतिनिधींना ४०-४० हजार डॉलर देऊ केल्याचं प्रकरण तर जगजाहीर आहे. फिफाच्या महासभेत २११ सदस्य आहेत आणि जर्मनीचं मत एक, तसं मॉन्टसेराटचंही एक. जिथे मत मोठं आणि संघटना लहान, तिथे खरेदीला येणारे येणारच. आणखी दहा बेटं आत घेणं म्हणजे बाजारात आणखी दहा मतं आणणं, ही भीती अनाठायी नाही.

पण या भीतीवर उपाय म्हणून त्या बेटावरच्या पोरांचा खेळ बंद करायचा? मत विकतो पदाधिकारी आणि शिक्षा सेंटर-फॉरवर्डला? गाठोडं सोडा, म्हणतो ते इथेच. कॅरिबियनमधला ग्वादेलूप फिफाचा सदस्य नाही, कारण तो फ्रान्सचा भाग. तरीही उत्तर अमेरिकेच्या महासंघात तो खेळतो आणि २००७ च्या गोल्ड कपमध्ये थेट उपांत्य फेरीत गेला. फिफाचं मत नसताना खेळता येतं, याचा हा चालताबोलता पुरावा. तुवालू आणि त्याच्यासारखंच फिफाबाहेरचं पॅसिफिक बेटराष्ट्र किरिबाती यांना आज मत नको, सामने द्या. पैसाही रोख हातात देऊ नका. विमानाची तिकिटं, पंचांचं प्रशिक्षण, बूट-चेंडू, एका तांत्रिक संचालकाचा पगार, हे महासंघाने परस्पर भागवावं. मताचा विचार पाच-सहा वर्षांचे तपासलेले हिशेब पाहून नंतर करता येईल. ग्वामने २०१६ मध्ये पैसे नाहीत म्हणून आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतून माघार घेतली. म्हणजे नुसतं सदस्यत्व असूनही प्रवासखर्चाचं घोडं अडतंच. सदस्यत्वाच्या सोहळ्यापेक्षा तिकिटांची तजवीज जास्त निकडीची आहे.

राहिला 'भाड्याच्या पोरांचा' आक्षेप. क्युरासाओच्या संघात बेटावर जन्मलेला खेळाडू शोधावा लागतो, हे खरं. पण ही पोरं हॉलंडमध्ये का जन्मली? १९८५ मध्ये शेल कंपनीने तिथली रिफायनरी सोडली, रोजगार आटला आणि डच पासपोर्ट हातात असलेली माणसं जहाजाविमानाने हॉलंडला गेली. आई-वडील किंवा आजी-आजोबा ज्या भूमीचे, तिच्याकडून खेळण्याची मुभा फिफाचा नियमच देतो. कोकणातल्या गावच्या कबड्डी सामन्यात गावाच्या संघातले निम्मे चाकरमानी मुंबईहून आलेले असतात, तेव्हा तो संघ परळचा आहे असं कोणी म्हणत नाही. आणि आपण तरी काय वेगळं करतो? पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, तेव्हा त्याचे आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळले होते हे आपणच कौतुकाने सांगितलं. बाहेरच्या खेळाडूंवर सगळं सोपवलं तर बेटावरची लीग पोखरली जाते, हा धोका मात्र खरा आहे. संघात ठरावीक खेळाडू स्थानिक लीगमधले असावेत अशी अट प्राथमिक फेरीपुरती घालायला माझी हरकत नाही.

तुवालूच्या बाबतीत हा प्रश्न लवकरच वेगळं रूप घेणार आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली करारानुसार तिथले २८० नागरिक दर वर्षी ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊ शकतात आणि २०२५ च्या पहिल्या सोडतीसाठी देशातल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. जमीन राहो वा जावो, राज्य कायम राहील असं तुवालूने २०२३ मध्ये आपल्या संविधानातच लिहून ठेवलं आहे. मार्शल बेटांनी ऑगस्ट २०२५ मध्ये आपला पहिला अकरा खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला तोही मायदेशात नव्हे, तर अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या स्प्रिंगडेल गावात, कारण त्यांची मोठी वस्ती तिथे आहे. ज्या देशांची भूमीच सरकते आहे त्यांना 'तुमचं स्टेडियम दाखवा' म्हणणारा नियम कोणत्या जगासाठी लिहिला आहे?

मग थांबायचं कुठे, असं विचारणारे आहेतच. उद्या अडीचशे वस्तीचं ट्रिस्टन दा कुन्हा येईल, पन्नाशीच्या आतलं पिटकेर्न येईल. येणार नाहीत, कारण अट स्पर्धेची आहे. ट्रिस्टनवर एकच संघ आहे आणि तो आलेल्या जहाजांवरच्या खलाशांशी खेळतो. त्याची लीग होऊ शकत नाही. सलग काही वर्षं चाललेली लीग, मुलींचा आणि मुलांचा एकेक वयोगट, पात्रतेचे लेखी नियम, तपासलेले हिशेब. एवढी चाळण लावली की यादी लांबत नाही. आज मात्र चाळणच नाही. मार्च २०१७ मध्ये आफ्रिकी महासंघाने टांझानियाचा भाग असलेल्या झांझिबारला पूर्ण सदस्य केलं आणि जुलैमध्ये काढूनही टाकलं. लिहिलेला नियम नसला की असंच होणार.

सप्टेंबर २०२४ मध्ये ओशनियाच्या विश्वचषक पात्रतेची पहिली फेरी आपियाला झाली. चार संघ होते: सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा आणि कूक आयलंड्स. त्यात तुवालू आणि किरिबाती धरले तर सहा होतात. बाद पद्धतीने दोन सामने वाढतात, मैदान तेच, पंच तेच, मुक्काम चार-पाच दिवसांनी लांबतो. खर्च म्हणजे साठेक माणसांची फिजीमार्गे जाण्यायेण्याची तिकिटं आणि त्यांच्या राहण्याजेवणाची सोय.